येणारं जळण

आमच्या घरात दोन पोटं होती आणि दोन्हींची भूक बाभळीवर होती. एक बाच्या कढईचं आणि दुसरं मायच्या शेळ्यांचं. माझा बा, किसन, कुरुंद्याच्या आसपासच्या शिवारात हळद शिजवायची कढई घेऊन फिरायचा. माय, केवळाबाई, दहा-बारा शेळ्या राखायची. मी त्यांची एकुलती मुलगी, चतुरा. हे नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण ज्या वर्षाची गोष्ट सांगायला बसले आहे त्या वर्षी ते मला शोभलं नाही. मी सोळाची होते, दहावीनंतर शाळा सुटली होती, आणि आमचा जिल्हा अजून परभणीच होता. आता गुडघे चालू देत नाहीत, चहा सून हातात आणून देते, दुपारी करण्यासारखं काही उरत नाही. म्हणून म्हटलं, बाला जे कधी सांगितलं नाही ते कागदाला तरी सांगून टाकावं. सांगून हलकं वाटेल अशी माझी काही समजूत नाही.

घर गावाच्या खालच्या अंगाला, दोन खोल्यांचं. एका खोलीची भिंत आणि शेळ्यांच्या गोठ्याची भिंत एकच. पहाटे जाग यायची ती शेळ्यांच्या खोकण्यानं. शेळी खोकते ती थेट म्हाताऱ्या माणसासारखी, आणि पाहुणे आले की त्यांना वाटायचं आत कुणीतरी आजारी आहे. माय चूल पेटवायची, शेळीच्या दुधाचा चहा व्हायचा, घट्ट आणि किंचित खारट. ज्यानं तो लहानपणी प्यायला नाही त्याला तो उग्र लागतो. माझ्या सासरी अजून कुणी पीत नाही. मग ज्वारीच्या भाकरी थापल्याचा आवाज, मिरच्या तव्यावर टाकल्या की सगळ्या घराचा ठसका, आणि बा दारात बसून कढईची वळी नीट करतोय तो ठणठणाट. वळी म्हणजे कढईच्या काठाला जड कड्या अडकवलेल्या असतात ना, त्या. चार माणसं लागायची ती उचलायला. वर्षाचे आठ महिने ती अंगणात पालथी असायची आणि तिच्यावर कोंबड्या बसायच्या.

मायला अक्षर वाचता येत नव्हतं, पण जळणाच्या बाबतीत तिचं शास्त्र पक्कं होतं. ती म्हणायची, जळण दोन जातीचं असतं, येणारं आणि जाणारं. तुरीच्या तुराट्या, कापसाची पऱ्हाटी, गोवऱ्या, हळदीचा वाळका पाला, झाडाखाली आपसूक पडलेली काटकी, हे येणारं जळण. या वर्षी जाळलं तरी पुढच्या वर्षी परत दारात येतं. उभं झाड हे जाणारं. ते एकदा चुलीत गेलं की आपल्या हयातीत परत येईलच असं नाही. "जाळायला कोनाची ना न्हाई," ती म्हणायची, "पर जाळायच्या आदी इचारावं, याच्यावर कोन जगून राहिलं." मला ते तेव्हा म्हाताऱ्या बायांचं बोलणं वाटायचं, आणि माय तेव्हा चाळिशीचीसुद्धा नव्हती. मी तिला चिडवायची की चुलीत काडी घालायच्या आधी तू पंचायत बसवतेस. ती हसायची नाही, रागवायचीही नाही. तोंडाला फुंकणी लावायची आणि राख उडवायची.

ओढ्याच्या काठाला आमची दोन एकरांची पट्टी होती आणि तिच्या टोकाला एक मोठी बाभूळ. झाड बाच्या आज्यानं राखलेलं. उन्हाळ्यात रानात हिरवं असं काही उरत नाही, गायरान पांढरं पडतं, तेव्हा त्या बाभळीच्या शेंगा पडायला लागतात. शेळ्या त्या शेंगांवर तगायच्या. दुधाला घट्टपणा यायचा तोही त्यामुळंच. माय लांब काठीला आकडी बांधून फांद्या झोडायची, पाला तोडायची, पण उगवतीच्या बाजूला कधी आकडी लावायची नाही. तिच्या माहेरची ती चाल. तीन बाजू आपल्या, उगवतीची झाडाची. झाडालाही पोट असतं, ते त्या बाजूनं खातं, असं ती सांगायची. त्यामुळं आमची बाभूळ दुरून पाहिली तर एका अंगानं केस वाढवलेल्या बाईसारखी दिसायची. बाला हे सगळं ठाऊक होतं आणि त्यानं कधी त्या झाडाकडं कुऱ्हाडीच्या नजरेनं पाहिलं नव्हतं. इतरांच्या बांधावरच्या बाभळी मात्र दर शिमग्याच्या सुमाराला त्याच्या कढईखाली जायच्या. आपलेच दात, आपलेच ओठ. माय त्यावर गप्प बसायची, कारण त्याच कढईवर आमचं वर्ष निघायचं.

आता हळद कशी शिजते ते थोडं सांगावं लागेल, नाहीतर माझी चूक कळायची नाही. जमिनीत चर खणून चुलवाण करायचं, त्यावर कढई. कढईत पाणी आणि हळकुंडं, वरून हळदीचाच ओला पाला, त्यावर गोणपाट. सुरुवातीला मोठा जाळ लागतो. काठानं फेस वर आला की चुलवाणातली लाकडं ओढून बाहेर घ्यायची, विझवायची, आणि उरलेलं काम निखाऱ्यांवर आणि कोंडलेल्या वाफेवर सोपवायचं. ही विझवलेली लाकडं पुढच्या कढईला कामाला येतात. सगळी काटकसर त्या ओढून घेण्यात आहे. हळकुंडात तुराटीची काडी टोचून पाहायची. लोण्यात गेल्यासारखी गेली की झालं. फेस आला म्हणजे जाळावरच्या माणसानं एक लांब कुई द्यायची, मग उपसणाऱ्या बाया पाट्या घेऊन उठायच्या. जाळावर मी असायची. शाळा सुटल्यापासून ते काम माझ्याकडं होतं आणि मला त्याचा गर्व होता. निखाऱ्यात वांगी भाजायची, ती सोलून हिरवी मिरची आणि मीठ घालून चुरायची, बायांच्या फडक्यातली भाकरी आणि आमचं भरीत असं दुपारचं जेवण. हातातली भाकरीसुद्धा पिवळी व्हायची. बोटांची नखं पार आषाढापर्यंत पिवळी राहायची.

त्या वर्षी हंगामाच्या शेवटी दत्तरावच्या रानात कढई लागली. दत्तराव मोठा शेतकरी, आणि त्याचा सख्खा भाऊ बांधाच्या पलीकडं. दोघांचं बोलणं बंद. भावानं मुद्दाम हट्ट्याहून दुसरी कढई आणवली, तीही त्याच दिवसांत. तर बांधाच्या अलीकडं आमची कढई, पलीकडं त्यांची, आणि त्यांच्या जाळावरही माझ्याच वयाची एक पोरगी, पारू. पहिल्या दिवशी तिची कुई माझ्या आधी आली. तिनं ती अशी काही लांबवली की दत्तरावच्या बाया हसायला लागल्या. एक बाई म्हणाली, "चतुरे, तुझ्या कढईला थंडी वाजून आली का गं?" बस, एवढंच झालं. कुणाला सांगितलं तर पटायचं नाही, की एका झाडाचा आणि माझ्या जन्माचा निकाल एवढ्याशा बोलण्यावर लागला.

दुसऱ्या दिवसापासून मी लाकडं ओढून घेणं सोडलं. फेस आला, कुई दिली, की लाकडं तशीच चुलवाणात जळू द्यायची. म्हणजे पुढच्या कढईला चुलवाण आधीच तापलेलं, आणि फेस लवकर. त्या दिवशी पारूच्या आधी माझी कुई चार वेळा गेली. मी बांधावर चढून कुई दिली. बा उपसण्याच्या गडबडीत होता, त्यानं एकदा मान वर करून म्हटलं, "जाळ कमी कर, लेकरा. हळद शिजवायची हाय, जाळायची न्हाई." मी "व्हय बा" म्हटलं आणि अजून दोन फाटे आत सारले. बाया माझं कौतुक करत होत्या. सोळाव्या वर्षी कौतुक म्हणजे गूळ, कितीही खाल्लं तरी पुरे वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी बानं जळणाकडं पाहिलं आणि तो थांबला. आमच्या धंद्याची रीत अशी, की शेतकऱ्यानं एकदाच जळण आणून टाकायचं, आणि कढईवाल्यानं ते पाहून 'पुरतं' म्हणायचं. एकदा तो शब्द गेला की पुढं कमी पडलं तर ते कढईवाल्यानं उभं करायचं. बानं 'पुरतं' म्हटलं होतं. त्याचा अंदाज वीस वर्षांत चुकला नव्हता. अजून चार कढया हळद खणून उन्हात पडलेली, पाल्यानं झाकलेली, आणि जळण उरलं होतं एका कढईचं. खणलेली हळद जास्त दिवस थांबत नाही. वाळत गेली की मग ती सारखी शिजत नाही, रंग मरतो.

"काहून एवढं सरलं?" बानं विचारलं.

"ओलं व्हतं बा. निसतं धुपत व्हतं."

बानं खालचं एक लाकूड उचलून पाहिलं. ते वाळकं ठणठणीत होतं. त्यानं ते परत ठेवलं. त्याला कळलं असेल का, हे मी नंतर फार वेळा स्वतःला विचारलं आहे. तो बांधाकडं पाहत राहिला, पण दत्तरावच्या बांधावर आता नुसते बुंधे होते. दूरवर ओढ्याकाठी तेवढी आमची बाभूळ दिसत होती, अर्ध्या शेंगा पिकून पांढुरकी झालेली.

"तुझी माय काय म्हनंल," बा स्वतःशीच म्हणाला. आणि मग मला, "तिला इचारून येतीस का? गायरानात असंल."

गायरान तासाभराच्या वाटेवर होतं. मी गेले असते तर माय आली असती, तिनं बाकीचं जळण किती, जाळ कुणी लावला, सगळं विचारलं असतं, आणि बांधाच्या पलीकडून पारू ऐकत राहिली असती. मी म्हणाले, "इचारायचं काय त्यात. माय सकाळीच म्हनली व्हती, लागली तर तोडा."

"तसं म्हनली?"

"व्हय. शेरडं सोडताना म्हनली."

बाचा चेहरा मोकळा झाला. तो कुऱ्हाड घेऊन निघाला आणि दत्तरावचे दोन गडी त्याच्यामागं.

झाड पडायला फार वेळ लागला नाही. मी गेले नाही, पण कुऱ्हाडीचा आवाज शिवारभर येत होता. ओलं लाकूड धुपतं, तरी बाभळीचं बारीक फोडून वाळक्या पाल्यावर टाकलं की पेट धरतं. धूर मात्र असा झाला की सगळ्यांचे डोळे लाल. उगवतीच्या बाजूच्या फांद्या सगळ्यात जाड होत्या, त्या शेवटी लागल्या. चारही कढया नीट शिजल्या, रंग चांगला उतरला, दत्तराव खूश. त्या दिवशी माझी कुई पारूच्या आधी की नंतर, मला आठवत नाही.

दिवस कलताना माय शेळ्या घेऊन ओढ्यावर आली. शेळ्यांना काय, त्यांचा सणच. पडलेल्या शेंड्यावर तुटून पडल्या, शेंगा कुरुकुरू खायला लागल्या. एरवी झाड वर आणि शेळी खाली, आज सगळं झाड तोंडापाशी. माय बुंध्याजवळ उभी राहिली. मी लाकडाची शेवटची मोळी न्यायला आले होते, आणि बा दोर आवळत होता.

"कोनी सांगितलं तोडायला?" माय म्हणाली.

बा दोर सोडून उभा राहिला. "अगं, तूच म्हनलीस म्हनं सकाळी. लागली तर तोडा म्हनून. चतुरा सांगून राहिली."

मायनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं पाहू शकले नाही, एका शेळीकडं पाहत राहिले. तिच्या ओठांच्या कडेतून शेंगेचं टोक बाहेर आलेलं होतं. मग माय म्हणाली, "व्हय. म्हनले व्हते. इसरले."

बानं मोळी उचलली. मायनं शेळ्या हाकलल्या नाहीत, पोटभर खाऊ दिल्या. मी आजवर पुष्कळ शिव्या खाल्ल्या, सासूचा मारही एकदा खाल्ला, पण त्या चार शब्दांइतकं मला कशानं लागलं नाही. ती रागावली असती तर मी रडले असते आणि ते तिथंच संपलं असतं. तिनं माझं खोटं आपल्या अंगावर घेतलं आणि मला त्यातून सुटायला वाटच ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला केरसुणी दिली. शेळी शेंग खाते, पण रात्री रवंथ करताना त्यातल्या कडक बिया थुंकून टाकते. सकाळी गोठ्यात लेंड्यांबरोबर त्या पडलेल्या असतात. "झाडून घे," माय म्हणाली, "अन् बिया येगळ्या कर. एक बी सांडायची न्हाई." त्याहून जास्त ती काही बोलली नाही, तेव्हाही नाही आणि नंतर कित्येक वर्षं नाही. पाच-सहा दिवस मी गोठ्यात बसून लेंड्या निवडत होते. हाताला हळदीचा वास होता, त्यावर शेळीचा बसला. शेळीच्या पोटातून जाऊन आलेलं बी लवकर रुजतं, हे तिला ठाऊक होतं. एका फुटक्या मडक्यात तिनं त्या भरल्या, वर राख टाकली आणि मडकं फळीवर ठेवलं.

तो उन्हाळा फार वाईट गेला. शेंगा नाहीत म्हटल्यावर माय शेळ्या घेऊन पार आसना नदीच्या काठापर्यंत जायची, उन्हात, आणि परत यायची ती ओठ फुटलेले. शेळ्या आटल्या. चहा काळा झाला. वैशाखात एका शेळीला दोन करडं झाली, आणि तिला पान्हा फुटेना. एक करडू जगलं, दुसरं मी मांडीवर घेऊन बोटानं पेज चाटवत होते ते तसंच गेलं. खाई त्याला खवखवे म्हणतात. बा म्हणायचा, पोरगी किती मायाळू, करडासाठी रडून राहिली. माय ऐकायची आणि भाकरी थापायची. मृगात तिनं मला बरोबर घेऊन ओढ्याच्या काठानं बिया टोचल्या. रोपं वर आली की भोवती काट्यांचं कुंपण. आपल्याच शेळ्यांपासून राखायचं आणि आपल्याच शेळ्यांसाठी राखायचं, असं ते काम. दिवसातून दोनदा घागर नेऊन पाणी घालायची मी. सांगावं लागायचं नाही.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर बानं कढई उलटी केली, कोंबड्या उडाल्या, आणि माय दारात येऊन उभी राहिली.

"बाभूळ तुमाला लागली, म्या दिली," ती म्हणाली. "आता म्या काही मागू का?"

"माग की."

"कढईखाली उभं झाड घालायचं न्हाई. कोनाच्याच बांधावरचं."

बा हसला. "मग काय घालू, माझे हात?"

"पाला घाला. तुराट्या, पऱ्हाटी घाला. ज्याची हळद त्याचाच पाला, वाळवून ठेवा म्हनावं. दुसऱ्याच्या शेरडाच्या तोंडचं काढून आपन पिवळं करायचं, ह्यात काय पुण्य न्हाई."

मी आत पीठ मळत होते. माझ्या खोट्यावर उभी राहून ती बाकडून हे मागत होती, आणि ते खोटं आहे हे जगात दोघींनाच ठाऊक होतं. बाला नाही म्हणता येईना. बायकोनं झाड दिलं असं तो वर्षभर चारचौघांत सांगत होता. आता त्या बोलण्याला जागणं आलं. "बघू एक साल," तो म्हणाला.

ती सालं मला अजून खांद्यात जाणवतात. पाला भकाभक जळतो आणि क्षणात राख होतो. जाळावर एकाच्या जागी दोन माणसं लागतात आणि हात थांबवता येत नाही. आधी तुराटीच्या पेंढ्या, वर पाला, परत पेंढ्या. हळद शिजायची तशीच, रंगही तोच, पण दिवसाला आठ कढयांच्या जागी पाच. शेतकऱ्यांना घाई असते. कुणी म्हणालं, किसनची कढई म्हातारीच्या चालीनं चालते. कुणी म्हणालं, बायकोच्या ऐकण्यातला कढईवाला. दत्तराव दोन वर्षं थांबला, भिडेखातर, मग त्यानंही हट्ट्याची कढई लावली. बा संध्याकाळी येऊन पाय पसरून बसायचा. त्याच्या तोंडून मायला कधी दोष गेला नाही. मला वाटायचं, आता सांगावं, की तिनं झाड दिलंच नव्हतं, तू मोकळा आहेस, घाल कढईखाली काय वाटेल ते. नाही सांगितलं. आधी भीतीनं, आणि पुढं पुढं मलाच वाटायला लागलं की माय बरोबर आहे. बरोबर असण्याचा एवढा थकवा येतो, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

मग माझं लग्न होऊन मी सेनगावला आले. तिकडं सोयाबीन, तूर, कापूस; हळदीचा वास सुटला. थोड्या वर्षांनी ट्रॅक्टरवर बसवलेले वाफेचे बॉयलर आले. एका दिवसात रान उरकायचं, माणसं कमी, तकलीफ कमी. त्यांना जळण मात्र हवंच होतं, आणि हळदही वाढत चालली होती. वसमतकडं जाताना बांधावरची झाडं एकेक करून गेली. बसच्या खिडकीतून मी बघायची. आधी सावल्या विरळ झाल्या, मग थांब्यावरच्या म्हाताऱ्या बाया खांबाच्या सावलीत एकामागं एक उभ्या राहायला लागल्या. बाची कढई शेवटी शेळ्यांची पाणी प्यायची जागा झाली. काठाचा पिवळा रंग काही गेला नाही.

परवा आमच्या गावात सूर्यावरच्या विजेबद्दल सांगायला साहेब आले होते. चांगला तरुण होता. बिल किती वाचतं, किती वर्षांत खर्च निघतो, सगळं नीट सांगितलं. मी मागं बसून ऐकत होते. तो बोलला ते खोटं नव्हतं, पण मला वाटलं, हे मुख्य कारण नव्हे. आमच्या घरातला दिवा जळतो तो दगडी कोळशावर. तो कोळसा कुठल्या तरी मुलखात जमिनीच्या पोटातून निघतो, त्या जमिनीवर आधी रान असेल, आणि त्या रानात कुणाची तरी शेरडं चरत असतील. ती बाई आता शेरडं कुठं नेत असेल? मी बटण दाबते तेव्हा तिला विचारायला कुणी जात नाही. कुणीतरी इथल्या इथंच सांगून टाकलेलं असतं, की ती म्हणाली, लागली तर तोडा. मी हे तिथं बोलले नाही. बोलले असते तर लोकांना वाटलं असतं, म्हातारी भरकटली.

मधल्या वर्षांतली एक गोष्ट सांगायची राहिली. तेव्हा बा गेल्याला वर्ष झालं होतं, आणि माय शेळ्या घेऊन तिथंच राहत होती, माझ्याकडं यायला तयार नव्हती. अशाच एका चैत्रात दुपारी सेनगावच्या थांब्यावरचा जीपवाला दारात आला. वसमतकडून येणाऱ्या कुणीतरी त्याच्याकडं एक गाठोडं दिलं होतं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं. मी सोडलं. आत बाभळीच्या शेंगा होत्या, पांढुरक्या, पिकलेल्या, ओंजळ-दोन ओंजळी. मी गोठ्यात बसून निवडलेल्या बियांची ती झाडं. दहा वर्षं झाली होती. माझ्याकडं तेव्हा एकही शेळी नव्हती, हे मायला पक्कं ठाऊक होतं.

"सांगावा बी हाय," जीपवाला म्हणाला, "पर मला काय उमगला न्हाई. आजीबाईनं गाठोडं देनाऱ्याकडून दोनदा म्हनून घेतला म्हनं."

"सांगा ना दादा."

"म्हनली, चतुराला सांग, उगवतीची बाजू सोडली हाय. अन् म्हनली, लागली तर तोड."

मी त्याला पाणी दिलं की नाही, आठवत नाही. तो गेल्यावर मी उंबऱ्यावर बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले. तेच शब्द होते. मी तिच्या तोंडी घातलेले, जे तिनं कधी म्हटलेच नव्हते, आणि जे तिनं दहा वर्षं सांभाळून आता खरे करून पाठवले होते.

माय आता नाही. ती पट्टी माझ्या नावावर आहे, आणि मुलगा संजय ती करतो. गेल्या वर्षी त्यानं ओढ्यावर सूर्यावरचा पंप बसवायचं ठरवलं. मीच म्हटलं होतं बसव. उन्हावर वीज करणाऱ्या पाट्या बसवणारी माणसं आली आणि त्यांनी सांगितलं, सकाळची सावली पाट्यांवर पडते, तीन बाभळी काढाव्या लागतील. संजयनं फोन केला. मी म्हटलं, थांब, मी येते. जीपनं गेले, गुडघे धरून ओढ्यापर्यंत चालले. झाडांखाली कुणाच्या तरी शेळ्या शेंगा खात होत्या, आणि एक बाई आकडी घेऊन उभी होती. माझ्या ओळखीची नव्हती. तिनं आकडी खाली केली. तिला वाटलं मी हाकलायला आले.

मी त्या माणसांना म्हटलं, पाट्या मावळतीकडं सरकवल्या तर? त्यांनी टेप लावून पाहिलं, आपसात बोलले. पंधरा पावलांनी भागलं. थोडी जास्त वायर लागली, तेवढंच.

"आई, झाडं तर आपलीच हायेत," संजय परत येताना म्हणाला. "आजीनं तुला सांगितलंच व्हतं म्हनं, लागली तर तोड."

"व्हय," मी म्हटलं. "मला अजून लागली न्हाई."